एकशे पंच्याऐंशी व्होल्ट

ताश-बुलाक, वरची गल्ली
१२ जानेवारी

प्रिय लेक साल्किन हिला अनेक आशीर्वाद.

इकडे आमचं ठीक चाललं आहे. तू, जावई तालांत आणि तुझ्या पोटातलं ते लाथाडं बाळ, तिघंही सुखरूप असाल. सातवा महिना लागला ना? बिश्केकच्या बर्फावर जपून चाल. तिथला बर्फ गाड्यांनी दाबून काचेसारखा केलेला असतो, आपल्यासारखा भुसभुशीत नसतो.

फोन असताना बाबा पत्र कशाला लिहितात, असं तू म्हणशील. फोनवर मला आकडे धड ऐकू येत नाहीत, आणि मिर्झा आपली व्हॅन घेऊन तुमच्याकडे निघालाच होता. शिवाय माझी हौस तुला ठाऊक आहे. कागदावर माणूस थोडा शहाणा वाटतो.

काल सकाळी रस्त्याकडेच्या पॉपलरांवर धुकं गोठून बसलं होतं, जणू कुणी फळा पुसून डस्टर झाडांवरच झटकलं. मी फाटकात उभा राहून शाळेतल्या कविता पुटपुटत होतो, तर समोरच्या घरातल्या ओर्मोननं, मला अजून मास्तरच समजून, हाक दिली, "अगाय, कुणाला शिकवताय? झाडं सगळी पास झालीत." त्यानं परवा घोडा कापला. यंदाच्या सोगुमची, म्हणजे हिवाळ्याच्या मांसाच्या जेवणांची, सुरुवात त्याच्याच घरून. आता महिनाभर गल्लीत हेच चालायचं, आज याच्याकडे जेवण, उद्या त्याच्याकडे. कधी एकाच संध्याकाळी दोन घरची बोलावणी, आणि पहिल्या घरी पोटभर खाऊन दुसऱ्या घरी उपाशी असल्याचं सोंग.

आईला जरा सर्दी आहे. बाकी ठीक.

आता कामाचं. ओर्मोनच्या नातीला शाळेत एक गणित दिलं आहे आणि ती माझ्याकडे आली. मी कवितेचा मास्तर, मला त्यातलं काय कळतं? तुला आठवतं का, माझ्या वर्गाला लागून झेनिश अगायचा पदार्थविज्ञानाचा वर्ग होता. मधली भिंत इतकी पातळ की माझी मुलं कविता म्हणू लागली की पलीकडून त्याची मुलं घोकायची, 'दाब म्हणजे धारा गुणिले रोध, शक्ती म्हणजे दाब गुणिले धारा.' कधीकधी दोन्हीचा ताल जुळायचा आणि आम्ही दोघं मास्तर दारात येऊन हसायचो. सूत्र मला त्यामुळे पाठ आहे, पण कुठे वापरायचं ते माहीत नाही. झेनिश असता तर त्यालाच विचारलं असतं.

गणित असं: एका हीटरला १८५ व्होल्टचा दाब मिळतो आणि त्यातून ७.६ अँपिअर धारा जाते. तर त्याचा रोध किती, आणि शक्ती किती? आणि तोच हीटर २००० वॅटचा आहे असं म्हणतात, तर मग तो तेवढं तापत का नाही? उत्तर फोनवर संदेशात लिहून पाठव, बोलू नकोस. जमलं तर लवकर पाठव. पोरीला गृहपाठ दाखवायचा आहे.

तुझा बाबा
बेयशेन


ताश-बुलाक
२१ जानेवारी

लाडक्या साल्किनला आशीर्वाद.

तुझा संदेश मिळाला. '२४ ओहम, १४०० वॅट. पण बाबा, कोणत्या पाठ्यपुस्तकात १८५ व्होल्ट असतात?' हे वाचून मी बराच वेळ फोन उलटा धरून बसलो. मी शिक्षक असताना नक्कल करणारी मुलं पकडायचो, ती अशीच एखाद्या आकड्यात सापडायची.

बरं, सांगतो. गणित शाळेतलं नाही, आपल्याच घरातलं आहे. तू कॉलेजात असताना मातीच्या नळीवर तार गुंडाळून जो हीटर, आपला 'बोकड', बनवला होतास, तो आता मागच्या खोलीत ठेवला आहे. गल्लीतल्या प्रत्येक घरात असाच एकेक बोकड आहे, बहुतेक तुझाच बघून केलेला. संध्याकाळी सगळे एकदम चालू झाले की दाब पडतो, आणि आपलं घर तारेच्या पार शेवटी. तू ठेवून गेलेल्या मीटरनं मी मोजलं. तो तारेला चिमट्यासारखा पकडणारा मीटर मला फार आवडतो, काही न तोडता आत काय वाहतंय ते सांगतो.

तुला वाटेल, बोकड नीट तापत नसेल तर चूल का पेटवत नाही? कोळसा भरपूर आहे. शेणी पण आहेत. पण धुराचा जरा त्रास होतो. डोळ्यांना वगैरे.

तर मी काय केलं ते ऐक. तुझ्याच उत्तरावरून केलं. दाब वाढवणं माझ्या हातात नाही, पण रोध कमी केला तर धारा वाढेल आणि धारा वाढली की ऊब वाढेल. मी तारेचं वेटोळं पावणेतीन हातांनी, हो मोजून, कमी केलं. माझ्या हिशेबानं रोध १७ झाला. कवितेतही असंच असतं, ओळ आखूड केली की आवाज चढतो. संध्याकाळी नळी अशी लालबुंद झाली की मला वाटलं, झेनिश भिंतीपलीकडून टाळ्या वाजवतो आहे. खोली खरोखर गरम झाली. आई म्हणाली, "तुम्ही असे आधीच असतात तर मी दुसरं लग्न केलं असतं का?" तुला तिची थट्टा माहीत आहे, मीच तिचा पहिला आणि शेवटचा.

पण आपल्या गल्लीत एका घरात खिळा ठोकला तरी नऊ घरांना ऐकू जातं. दुसऱ्या दिवशी ओर्मोन आला, बोकडाकडे बघून गेला. तिसऱ्या दिवशी सेयदाली, मग त्याचा भाऊ. सगळ्यांनी आपापल्या तारा कापल्या, आणि मास्तरांपेक्षा आपण कमी कशाला म्हणून जरा जास्तच कापल्या. ओर्मोन मला म्हणतो, "अगाय, चाळीस वर्षं कविता शिकवल्यात, आम्हाला एक पाठ झाली नाही. हा धडा मात्र एका संध्याकाळीत आला." मी हसलो. तेव्हा हसलो.

आता दाब आणखी खाली गेला आहे. असं का व्हावं? सगळ्यांना ऊब हवी होती आणि सगळ्यांनी थोडी जास्त घेतली, एवढंच तर झालं.

एक विचारायचं राहिलं. एखादं यंत्र असेल, म्हणजे उदाहरणार्थ फ्रिज, आणि दाब १८० च्या खाली गेला की ते शिट्टी मारून बंद पडत असेल, तर त्याला काही उपाय असतो का? फार महत्त्वाचं नाही. पण कळव. आजच कळवलंस तर बरं. मिर्झा पत्र तुझ्या दारात देईल, त्याला चहाला थांबवू नकोस, थांबवलंस तर तो बोलत बसेल.

तुझा बाबा


ताश-बुलाक
१ फेब्रुवारी

साल्किन, माझ्या पोरी,

परवा तू फोन केलास आणि एवढंच विचारलंस, "बाबा, जानेवारीत आपल्या गावात फ्रिज कशाला लागतो? मांस तर ओट्यावर गोठतं." मी म्हटलं लाइन खराब आहे, आणि फोन ठेवला. लाइन चांगली होती. तुझा श्वाससुद्धा ऐकू येत होता.

आता सगळं सांगतो. आईनंच सांगायला सांगितलं आहे.

नोव्हेंबरात तिला जे झालं ती सर्दी नव्हती. न्यूमोनिया होता, दोन्ही फुप्फुसांत. इस्पितळात ठेवलं, तिथून घरी सोडलं ते एका यंत्रासकट. ते खोलीतल्या हवेतून प्राणवायू वेगळा काढतं आणि नळीनं तिच्या नाकाशी देतं. दिवसा ती थोडा वेळ त्याच्याशिवाय राहते. संध्याकाळनंतर मात्र तिला ते लागतंच. धूर चालत नाही म्हणून चूल बंद, आणि म्हणून तुझा बोकड. फोनवर ती तुला म्हणायची ना, "हात कणकेत आहेत, नंतर बोलू"? हात कणकेत नव्हते. तिला एका दमात त्याहून मोठं वाक्य बोलता येत नव्हतं. आणि मी पत्र लिहीत होतो ते यासाठी की घरात ऊबदार खोली एकच, तिथे बसून तुला फोन केला असता तर तिनं ऐकलं असतं.

तुला का सांगितलं नाही, ते तुला माहीतच आहे. दोन वर्षांपूर्वी आजी गेली तेव्हा तू बर्फातून खिंड ओलांडून आलीस, नऊ तास गाडीत, आणि त्या आठवड्यात तुझ्या पोटातलं जे गेलं त्याबद्दल आपण या घरात कधीच बोललो नाही. इस्पितळातून येताना आईनं माझ्या कोटाची बाही धरली आणि म्हणाली, "तिला कळलं तर ती निघेल. तुम्ही तिला ओळखता." मी वचन दिलं. मला खोटं लिहिता येत नाही हे तिच्या लक्षात आलं नाही.

सत्तावीस तारखेला संध्याकाळी यंत्र शिट्टी मारून थांबलं. आधीही थांबायचं, पण दोन-चार मिनिटांत परत चालू व्हायचं. या वेळी होईना. मीटर लावला तर १६६. इस्पितळानं अडीअडचणीला दिलेलं प्राणवायूचं नळकांडं कोपऱ्यात होतं, त्याची चावी माझ्या हातून फिरेना. तुझी आई कालिपा पलंगावर बसून माझ्याकडे बघत होती. खांद्यांनी श्वास घेत होती, बोलत नव्हती, फक्त डोळ्यांनी सांगत होती की उलटं फिरवताय. खरंच उलटं फिरवत होतो.

चावी फिरली. तिला बरं वाटलं. मी तिच्याजवळ गावातल्या नर्सबाईंना बसवलं आणि ओर्मोनकडे गेलो, कारण सोगुमची पाळी फिरून त्याच्यावर आली होती आणि सगळी गल्ली तिथेच होती. हसण्याचा आवाज बाहेर रस्त्यापर्यंत येत होता. आणि येताना मी पाहिलं, रिकाम्या घरांच्या खिडक्यांतही नळ्या लाल दिसत होत्या. परत आल्यावर घर गार नको म्हणून सगळे बोकड चालू ठेवून आले होते.

मला मानाच्या जागी बसवायला लागले. मी बसलो नाही. म्हटलं, "कालिपाचं यंत्र बंद पडलंय, आणि ते मी बंद पाडलंय. तार मी आधी कापली."

तिला बरं नाही हे सगळ्यांना ठाऊक होतं, पण यंत्राला किती दाब लागतो हे मी कुणाला सांगितलंच नव्हतं. कसं सांगणार? माझंच बघून त्यांनी तारा कापल्या होत्या.

मग मी त्यांना समजावलं, जसं मागच्या पत्राच्या उत्तरात तू मला संदेशात समजावलंस तसं. ट्रान्सफॉर्मरपाशी दाब २२० आहे. नऊ घरं मिळून १०७ अँपिअर ओढतात. ती सगळी धारा एकाच जुन्या तारेतून येते, आणि त्या तारेलाही स्वतःचा अर्धा ओहम रोध आहे. गुणाकार केला की ५४ व्होल्ट वाटेतच खर्च. त्याला पुन्हा धारेनं गुणलं तर जवळजवळ सहा हजार वॅट. "म्हणजे," मी म्हटलं, "तीन घरांना पुरेल एवढी ऊब आपण रोज तारेवरच्या कावळ्यांना देतोय."

"तरीच यंदा कावळे गल्लीतून हलत नाहीत," ओर्मोन म्हणाला.

"गप बस," त्याच्या बायकोनं, बुबुशनं, त्याला हाणलं. "अगाय, मग काय करायचं ते सांगा. सगळ्यांनी बंद करायचे?"

सेयदाली हळूच म्हणाला, "माझ्या सुनेला बाळंत होऊन दहा दिवस झालेत. बाळाची खोली मी गार नाही होऊ देणार. तुमचा मान राखून सांगतो, अगाय." त्याच्या आवाजात भांडण नव्हतं. मला त्याचं म्हणणं पटलं, आणि पटल्यामुळे जास्त भीती वाटली. एका घरात नवा श्वास, दुसऱ्या घरात थकलेला, आणि मधे एक तार. मी कुणाला काय सांगणार होतो?

"चुली पेटवा की बाकीचे," कुणीतरी म्हणालं.

"पेटवू, पण माझ्या चुलीला आता धुराडं कुठे आहे? बोकड आल्यावर काढून कोंबड्यांना आडोसा केला," दुसरं म्हणालं. असं तीन-चार घरांचं निघालं.

तेव्हा बुबुशनं मांसाची परात खाली ठेवली. "आत्ता या घरात किती माणसं आहेत? अख्खी गल्ली. या खोलीत बोकड बंद केला तरी घाम येतोय. मग रोज संध्याकाळी असंच एका घरी बसू. सोगुमच्या पाळ्या तर आहेतच. एका दिवशी दोन-दोन घरं उरकायची घाई कशाला? एक दिवस, एक घर. बाकीच्यांनी जाताना बोकड बंद करून जायचं, झोपायला परतल्यावर एक-एक करून लावायचे. तोवर गाव झोपलेलं असतं, दाब चढतो."

"आणि नऊ दिवसांत पाळ्या संपल्या की?"

"तर पुन्हा माझ्यापासून सुरू."

"अगं, घोडा एकच होता," ओर्मोन कळवळून म्हणाला. "अगायच्या ओहमसाठी तो मार्चपर्यंत पुरवायचा काय?"

"नाही पुरला तर सूप पी," ती म्हणाली. "तुझ्या पोटालाही जरा रोध पाहिजेच आहे."

सगळे हसले, साल्किन, आणि मग मी बसलो. दारातच बसलो, मानाच्या जागेपासून सगळ्यात लांब. कुणी मला उठवलं नाही.

त्याच संध्याकाळी मी तुला तो संदेश पाठवला होता, 'तीन बोकड चालू, प्रत्येकी २४ ओहम, तारेचा अर्धा ओहम, दाब किती?' एवढाच. हे सगळं न सांगता. आणि तू लगेच लिहिलंस, '२०७. पण आखूड केलेल्या तारा आधी जोडा. दाब चढला तर १४ ओहमच्या तारेतून पंधरा अँपिअर जाईल, तीन हजार वॅट. नळी फुटेल, घर पेटेल.' तेव्हा तुला नक्कीच सगळं कळलं असणार. तरी तू काही विचारलं नाहीस, आधी उत्तर दिलंस. मला तुझा अभिमान वाटला आणि लाजही वाटली.

दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी कापलेले तुकडे शोधून काढले. ओर्मोननं त्याच्या तुकड्यानं कुंपण बांधलं होतं, ते सोडवलं. सेयदालीनं सगळ्यांच्या तारा पुन्हा जोडून दिल्या, प्रत्येकाची मी मीटरनं धारा मोजली, दाबाला धारेनं भागलं, आणि २४ आल्याशिवाय कुणालाच जाऊ दिलं नाही. अठ्ठावीसपासून रोज तीनच बोकड चालू असतात: बाळाचा, कालिपाचा आणि ज्याच्या घरी जेवण त्याचा. मी जेवणाला जात नाही, बुबुश वाडगा आणून देते. मी मीटरकडे बघत बसतो. परवा २०४, काल २०७, आज २०६. मधेच कुणाची किटली चालू होते आणि आकडा खाली सरकतो, तेव्हा मी नळकांड्याच्या चावीवर हात ठेवतो. मग तो परत चढतो.

हे असं किती दिवस चालेल, मला माहीत नाही. लोक चांगले आहेत, पण हिवाळा लांब आहे आणि घोडा खरंच एकच होता. परवा एका घरचा बोकड चुकून चालू राहिला, तर मी बर्फातून धावत गेलो, या वयात. डॉक्टर म्हणतात मार्चमध्ये थंडी उतरली की तिला यंत्र कमी लागेल. 'कदाचित' असंही म्हणतात. मी तो शब्द तुझ्यापासून लपवणार होतो, पण आता काहीच लपवायचं नाही असं ठरलं आहे.

आज दुपारी तुझ्या आईनं मला जवळ बोलावलं. म्हणाली, "तिला सांगा." थोडी थांबली. "पण आकड्यांत सांगा. आकड्यांना ती घाबरत नाही. आपल्या सुस्काऱ्यांना घाबरते."

तर आकडे: बोटाला लावायच्या चिमट्यावर रक्तातला प्राणवायू यंत्रासकट ९३, यंत्राविना ८६. डिसेंबरात यंत्राविना ८१ होता. ताप नाही. आज दोन घास कट्टामा खाल्ला, तुपातला, आणि मीठ कमी आहे म्हणून मला बोलली. बोलताना मधे तीनदा थांबली, पण वाक्य पूर्ण केलं.

आता फोन कर. आईशीच बोल. ती थांबली की मधे बोलू नकोस, तिचं वाक्य तू पुरं करू नकोस, तिला करू दे. रडू आलं तर फोन ठेवल्यावर रड.

आणि पोरी, येऊ नकोस. खिंडीत बर्फ आहे. मिर्झाला मी बजावून ठेवलं आहे की तू कितीही विनवण्या केल्यास तरी तुला गाडीत घ्यायचं नाही, तालांतलाही तेच लिहितो आहे. बाळ होऊ दे, बर्फ उतरू दे, मग तिघं या.

तू येऊ नयेस म्हणून दिवसभर देवाला विनवणारा, आणि संध्याकाळी गाडीचा आवाज झाला की फाटकाशी जाऊन उभा राहणारा,

तुझा बाबा